व्हिएन्ना, १६ जानेवारी १९३८ : त्या खरखरीत नेमकं काय ऐकायचं?

ध्वनिमुद्रणाचं शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा प्रश्न आहे. ऑस्ट्रियन संगीतकार गुस्ताव माहलरच्या नवव्या सिंफनीचं (चार भागांची वाद्यवृंदाची रचना) संचालक ब्रुनो वॉल्टर यांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर १९३८ साली केलेलं प्रत्यक्ष मैफलीतलं ध्वनिमुद्रण जाणकार थोर मानतात. यानं ते दोनदा ऐकलं. खरखर आहे, लोक खोकतात, तिसऱ्या भागात वादक एकमेकांना सोडून पुढे पळतात आणि शेवटचा भाग उरकल्यासारखा भरभर वाटतो. त्याचं विचारणं असं : तबकडीवर जागा कमी म्हणून घाई केली का? स्वच्छ, स्टीरिओ ध्वनिमुद्रणं हाताशी असताना हे कशासाठी ऐकायचं? आणि ऐकायचंच तर कुठली प्रत घ्यायची?

तीस वर्षं मी मैफली ध्वनिमुद्रित करतोय. त्यातल्या बहुतेक आपल्या रागसंगीताच्या, अधूनमधून मुंबईत येणाऱ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदांच्याही. त्यामुळे उत्तर माईकच्या आणि कानाच्या बाजूनं देतो.

आधी घाईचं बघू, कारण तिथे तुमची समजूत बरोबर उलटी झाली आहे.

मिनिटाला ७८ फेऱ्या घेणारी बारा इंची तबकडी एका बाजूला चार-साडेचार मिनिटं वाजायची. स्टुडिओत सिंफनी करायची तर दर चार मिनिटांनी सगळा वाद्यवृंद थांबवायचा, मेणाची नवी तबकडी यंत्रावर चढवायची, सगळ्यांनी पुन्हा वाद्यं उचलायची आणि मधूनच पुढचा स्वर धरायचा. तिथे संचालकाचा एक डोळा घड्याळावर असायचा, यात शंका नाही. आपल्याकडे तीन मिनिटांत ख्याल बसवताना अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्यांनाही आलापी किती आखडून घ्यावी लागली ते तुम्ही ऐकलंच असेल. भर मैफलीत मात्र वादकांना थांबवता येत नाही. म्हणून मेणात खाच पाडणारी यंत्रं दोन ठेवायची. पहिल्याचं मेण संपत आलं की दुसरं सुरू करायचं, काही सेकंद दोन्ही एकदम चालू ठेवायची आणि मग पहिलं थांबवायचं. तोवर त्यावर नवी तबकडी चढते. समोर वॉल्टर वाजवून घेत आहेत, त्यांना यातलं काहीही माहीत असायची गरज नाही. सुमारे सत्तर मिनिटांचं संगीत अशा वीस बाजूंवर, दहा तबकड्यांवर उतरलं. म्हणजे तबकडीच्या जमान्यातही लय मोकळी राहिली, ती याच प्रकारच्या ध्वनिमुद्रणात. शेवटचा भाग अठरा मिनिटांच्या जरा वर जातो, कारण त्या सकाळी वॉल्टरना तो तेवढ्याच लयीत हवा होता.

मेणाबद्दल आणखी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ते वाजवून बघता येत नसे. सुई लावली की खाच बिघडली, मग त्यातून साचा निघत नाही. त्यामुळे सूर उतरले की नाही, दोन बाजूंचा सांधा जुळला की नाही, हे कारखान्यात साचा होऊन पहिली प्रत निघेपर्यंत कुणालाच कळायचं नाही. आज आपण लाल दिवा लागल्याबरोबर समोर पडद्यावर तरंग बघतो, एका कार्डावर मूळ, दुसऱ्यावर जोड, तरी हात गार पडतात. त्या खोलीतल्या माणसांची अवस्था काय असेल, याची कल्पना मला करता येते.

या कामाची सूत्रं फ्रेड गाइसबर्ग यांच्याकडे होती. हे नाव आपल्याला परकं नको. १९०२ मध्ये कलकत्त्याला येऊन कर्ण्यासमोर गौहरजानला गायला बसवणारे आणि आपल्या संगीताच्या पहिल्या व्यावसायिक तबकड्या घेऊन जाणारे ते हेच. तेव्हा ध्वनिमुद्रणात ना वीज होती ना माईक. गाणारीनं कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि शेवटी आपलं नाव पुकारायचं. त्यानंतर पस्तीस वर्षांनी हाच माणूस शंभरच्या आसपास वादकांचा ताफा एका दमात मेणात उतरवत होता. त्या तबकड्यांमधली लाखही मोठ्या प्रमाणात आपल्याच देशातून जायची. हे सगळं ऐकणाऱ्याला माहीत असावंच असं नाही, पण आमच्या धंद्यात असलेल्यानं माहीत करून घ्यावं.

आता जागेबद्दल. मैफल झाली तो व्हिएन्नातल्या मुझिकफेराइन या संगीतगृहाचा सोनेरी दिवाणखाना १८७० मध्ये सुरू झाला. लांबी ४८.८ मीटर, रुंदी १९.१, उंची १७.७५ : बुटांच्या खोक्यासारखा सरळ आकार, पोकळ लाकडी जमीन, भिंतींना मूर्ती आणि छताला नक्षी, म्हणजे आवाज विखुरायला हजार कोपरे. माणसांनी भरलेला असताना त्यात आवाज साधारण दोन सेकंद रेंगाळतो. रिकामा असताना पुष्कळच जास्त. जानेवारीचा रविवार, सकाळची मैफल, जाड कोट घातलेली माणसं. कोट ध्वनी पितात. म्हणून या तबकड्यांवरचा आवाज त्या दिवाणखान्याच्या मानानं कोरडा आणि जवळचा आहे. ऑबोचा, म्हणजे सनईच्या जातीच्या फुंकवाद्याचा, सूर अगदी समोरून येतो. व्हिएन्नाचा ऑबो बाकी युरोपपेक्षा वेगळ्या घडणीचा, तिथला हॉर्न जुन्या पद्धतीच्या झडपांचा आणि लांब नळीचा, तिथले टिंपनी, म्हणजे नगारे, बकऱ्याच्या कातड्याचे. हे तिन्ही आवाज खरखरीच्या आतून ओळखू येतात. एकदा ओळखू आले की खरखर मागे सरते. तानपुरा आपण ऐकत असतो तरी सतत ऐकत नसतो, तसंच हेही कानाला जमतं. दहा मिनिटं द्या त्याला.

ही सिंफनी सुरू होते ती जवळजवळ नाही अशा आवाजात. चेलो, हॉर्न, मग हार्पचे चार स्वर, आणि त्या सगळ्यात एक अडखळता ठेका. लाखेच्या तबकडीवर सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा आवाज यांत ढोबळमानानं चाळीस डेसिबलचं अंतर मावतं. या सिंफनीला त्याहून कितीतरी मोठं अंतर लागतं. त्यामुळे त्या काळी ध्वनिमुद्रण करणाऱ्याला संगीत समोर ठेवून, पुढे काय येणार ते आधीच ओळखून, बोटांनी पातळी वरखाली करावी लागायची. हळू जागा वर उचलायच्या, नाहीतर त्या खरखरीत बुडतील. मोठ्या जागा येण्याआधी गुपचूप खाली यायचं, नाहीतर सुई शेजारच्या खाचेत घुसेल. पहिल्या भागाच्या मध्यानंतर ट्रॉम्बोन तोच सुरुवातीचा अडखळता ठेका घेऊन कोसळतात. माहलरनं तिथे ‘सर्व शक्तीनिशी’ असं लिहिलंय, आणि पुढे घंटांबरोबर ‘जड प्रेतयात्रेसारखं’. तबकडीवर ती जागा ऐका. आवाज मोठा होत नाही, दाट होतो. सगळे स्वर एका अरुंद दारातून एकदम बाहेर पडू बघतात असं वाटतं. मला ही तबकडीची मर्यादा इतकी आवडू लागली आहे की स्टीरिओतला तोच क्षण कधीकधी सैल वाटतो. हे माझं मत. तुमचं वेगळं होऊ शकेल.

सांधे ऐकायला शिका, हा तुम्हाला विद्यार्थी म्हणून खास सल्ला. तबकडीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास वेगानं जाते, आणि आतल्या टोकाला अर्धा मीटरही नाही. फेऱ्या तेवढ्याच, पण वर्तुळ लहान. वेग कमी झाला की वरचे सूक्ष्म कंप खाचेत नीट बसत नाहीत. परिणाम असा की दर चार मिनिटांच्या शेवटी व्हायोलिनवर किंचित पडदा पडल्यासारखं होतं आणि सांधा ओलांडला की एकदम खिडकी उघडल्यासारखा आवाज उजळतो. चांगल्या माणसानं प्रत तयार केली असेल तर हा फरक तो हळूहळू भरून काढतो. तरी हेडफोन लावून बसा, तुम्हाला तो सापडेल. पहिल्या भागातच पाच-सहा ठिकाणी.

आता लयीकडे परत येतो, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे.

अलीकडे नववीचा शेवटचा भाग पंचवीस मिनिटांपुढे सहज जातो. बर्नस्टाइन यांचं १९८५ चं अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ वाद्यवृंदाबरोबरचं ध्वनिमुद्रण तर तीस मिनिटांच्या जवळ पोचतं. आपण सगळे तेच ऐकून मोठे झालो. म्हणून अठरा मिनिटं म्हणजे घाई असं आपल्याला वाटतं. पण वॉल्टर कोण होते ते बघा. १८९४ मध्ये हॅम्बुर्गला विशीतही न पोचलेले वॉल्टर माहलरच्या हाताखाली आले, पुढे १९०१ पासून व्हिएन्नात त्याचे सहायक. माहलर १८ मे १९११ ला गेला. ही सिंफनी त्यानं १९०९ च्या उन्हाळ्यात टोब्लाखला मुख्यतः लिहून काढली होती, पण तिचा एक स्वरही वाद्यवृंदाकडून त्याच्या कानावर पडला नाही. २६ जून १९१२ ला व्हिएन्नात तिचा पहिला प्रयोग वॉल्टर यांनीच केला, याच वाद्यवृंदाबरोबर. १९३८ ची सकाळ म्हणजे त्या पहिल्या प्रयोगापासून साडेपंचवीस वर्षं. ‘निरोपाची सिंफनी’ म्हणून तिच्यावर आज जो गंभीर शेंदूर चढला आहे तो तेव्हा एवढा जाड नव्हता. वॉल्टर वाजवून घेतात ते एका ओळखीच्या माणसाचं संगीत. स्वर पुढच्या स्वराकडे ओढला जातो, वाक्य पूर्ण होतं, श्वास पडतो, पुढचं वाक्य येतं. गाणारा माणूस एका दमात जेवढं म्हणेल तेवढ्याच लांबीची वाक्यं. तीस मिनिटांच्या लयीत तो दम कुणाच्याच छातीत नाही.

तुम्ही पेटीवर बसत असाल तर हे करून बघा. सिंफनी सुरू होते पांढरी दोनमध्ये. दुसरा भाग पांढरी एक, तिसरा पांढरी सहा, आणि शेवटचा भाग येतो काळी एकमध्ये. म्हणजे जिथून निघालो त्याच्या अर्धा स्वर खाली येऊन थांबतो. शेवटच्या भागाच्या तोंडाला सगळी व्हायोलिनं एकत्र, खालच्या जड तारेवर, एक वळण घेतात : एका स्वराभोवती वरून-खालून फिरून पुन्हा त्यावर येणं. आपण त्याला मुरकी म्हणू. ही मुरकी पुढे भागभर फिरते, कधी गर्दीत, कधी एकट्या वाद्यात. १९३८ च्या वादकांनी ती ज्या रीतीनं घेतली आहे ती आज जवळपास बुडालेली आहे, कारण एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना ते बोट उचलत नाहीत, घसरतात. मराठी कानाला समजवायची गरजच नाही, ती मींड आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वादनात ती ‘जुनाट’ म्हणून पुसली गेली. आणि याउलट, स्वर थरथरवण्याची आजची सवय तिथे फार कमी आहे. सरळ, भरीव सूर, आणि सुरांच्या मध्ये मींड. रॉजर नॉरिंग्टन यांच्यासारख्या संचालकानं जुन्या काळी वाद्यवृंद न थरथरवता वाजवत असत, या आपल्या म्हणण्याला याच ध्वनिमुद्रणाचा दाखला दिला होता. त्यांचा निष्कर्ष सगळ्यांना पटलेला नाही. मला अर्धाच पटतो. पण साक्ष खरी आहे.

ती साक्ष देणारा एक माणूस नावानिशी सांगता येतो. मुख्य व्हायोलिनच्या खुर्चीत त्या दिवशी आर्नोल्ड रोझे होता. वय ७४. १८८१ पासून व्हिएन्नाच्या ऑपेराच्या वाद्यवृंदाचा अग्रणी. माहलरची बहीण युस्टीन त्याची बायको, म्हणजे ज्याचं संगीत चाललंय त्याचा हा सख्खा मेहुणा. पहिल्या भागाच्या अखेरीस सगळं विरळ होत जातं तेव्हा एकट्या व्हायोलिनची जागा येते. बारीक, सरळ रेघ, वर जाताना जराशी घसरण, आणि बस. कुठेही आर्जव नाही.

मग मार्च आला. १२ मार्च १९३८ ला जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. त्या रविवारला आठ आठवडेही झाले नव्हते. ज्यू घराण्यातल्या रोझेला त्या खुर्चीवरून उठवलं गेलं. पुढच्या वर्षी तो लंडनला गेला आणि १९४६ मध्ये तिथेच वारला. त्याचा भाऊ एडुआर्ड, चेलोवादक, माहलरच्या दुसऱ्या बहिणीचा नवरा, १९४३ मध्ये टेरेझिनच्या छावणीत मेला. रोझेची मुलगी आल्मा आउश्वित्झमध्ये बायकांचा वाद्यवृंद चालवत होती. एप्रिल १९४४ मध्ये ती तिथेच गेली. वाद्यवृंदातल्या इतर ज्यू वादकांनाही काढलं गेलं, त्यांतले काही मारले गेले. वॉल्टर परदेशात होते म्हणून वाचले. व्हिएन्नाला परत आले ते युद्धानंतर, पाहुणे म्हणून.

हे सगळं ठाऊक असल्यामुळे लोक या तबकड्या भविष्यवाणीसारख्या ऐकतात. तुम्ही पहिल्यांदा तसं ऐकू नका, असं मी आग्रहानं सांगेन. वादकांना मार्च माहीत नव्हता. धोका ठाऊक नव्हता असं नाही. १९३३ मध्येच वॉल्टरना लाइपझिग आणि बर्लिनमधून हुसकून लावलं होतं, म्हणून तर ते ऑस्ट्रियात होते. पण माणूस रविवारी सकाळी वाजवायला बसतो तेव्हा समोरचं पान वाजवतो. तिसरा भाग, तो भांडखोर, भरधाव रोंडो, ऐका. त्यात कसलीही अशुभाची चाहूल नाही. उलट जिद्द आहे, थोडा राग आहे, आणि हो, वादक खरोखरच एकमेकांपासून सुटतात. लाकडी फुंकवाद्यं एका जागी पुढे निघून जातात, तारवाद्यं त्यांना गाठायला धावतात. अकरा मिनिटांत तो भाग संपवताना वॉल्टर कुणासाठीही थांबत नाहीत. या सगळ्यावर आपण आपलं नंतरचं शहाणपण ओतलं तर वादकांचं हे जिवंतपण आपणच पुसून टाकतो. एवढं बोलून कबूल करतो की रोझेची ती जागा आली की मला स्वतःला अलिप्त राहता येत नाही. हात थांबतो.

चुकांबद्दल तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर माझ्याच एका कामावरून देतो. काही वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका सभागृहात बाहेरून आलेल्या तारवाद्यांच्या वृंदाचं ध्वनिमुद्रण मी करत होतो. कार्यक्रमाचा शेवट अतिशय संथ आणि हळू. मी आधीच विनंती केली होती की शेवटची दहा मिनिटं वातानुकूलनाचा पंखा बंद ठेवा. तो बंद झाला. आणि शेवटच्या पानावर, जिथे फक्त दोन व्हिओला आणि एक चेलो उरतात, तिथे वरच्या नळीतून धप्प असा आवाज होऊन पंखा पुन्हा चालू झाला. माझ्या मीटरवर काटा उडाला आणि मी डोळे मिटून घेतले. दुपारच्या सरावाचं ध्वनिमुद्रण माझ्याकडे होतं. रिकाम्या सभागृहातलं, म्हणून आवाज जास्त घुमणारा. त्यातून चार मात्रा उचलल्या, घुमारा जुळवला, दोन रात्री घालवून सांधा बेमालूम केला. मला अभिमान वाटला. तो चेलोवादक ऐकून गेला आणि शांतपणे म्हणाला, ‘‘सूर आमचाच आहे, पण इथे आम्ही श्वास घेतला नव्हता.’’ रात्री त्यानं वाक्य ओढून धरलं होतं, दुपारी तोडलं होतं. मी जोडलेलं कुणाला कळलं नसतं. त्याला कळलं.

आज बाजारात ‘लाइव्ह’ म्हणून येतं त्यातलं बरंचसं असं असतं. दोन किंवा तीन रात्री, शिवाय लोक गेल्यावर तासभर बसून चुकलेल्या जागा पुन्हा वाजवून घेणं. मी स्वतः ते करतो आणि त्यात गैर काही मानत नाही. पैसे देऊन विकत घेणाऱ्याला खोकला का ऐकवायचा? पण त्यात वेळेची सलगता हरवते. १९३८ मध्ये तोडजोडीची सोयच नव्हती. पहिल्या भागात दमलेला हॉर्नवादक तोच दम घेऊन चौथ्या भागात बसलेला आहे. तिसऱ्या भागातली झटापट त्याच्या ओठांवर अजून आहे आणि काही क्षणांनी त्याला शेवटचा भाग पेलायचा आहे. हे तुम्हाला जोडून करता येणार नाही. मोठमोठ्यांच्याही बाबतीत हे असंच. १९७९ मध्ये बर्नस्टाइन यांनी बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर हीच सिंफनी केली. त्या वाद्यवृंदापुढे ते उभे राहिले ते फक्त त्याच वेळी. शेवटच्या भागाच्या शिखरावर ट्रॉम्बोन आलेच नाहीत. ते ध्वनिमुद्रण तसंच प्रसिद्ध झालं, आणि शिखराच्या ऐन जागी पडलेल्या त्या भोकासकट लोक ते जपून ठेवतात. आपल्याकडे सवाई गंधर्व महोत्सवात पहाटे गायलेल्या तोडीची घरगुती टेप स्टुडिओतल्या तबकडीहून का आवडते, ते ज्याला कळतं त्याला हे निराळं सांगायला नको.

प्रत कुठली घ्यावी? ईएमआय, नॅक्सॉस, डटन अशा अनेकांनी मूळ तबकड्यांवरून ती काढली आहे आणि प्रत्येकाची हाताळणी वेगळी. नाव सांगण्यापेक्षा पारखायची रीत सांगतो, म्हणजे पुढेही उपयोगी पडेल.

एकदा माझ्याकडे एका घरातून जुन्या मैफलीची स्पूल आली होती. गायक गेलेले, मुलांची इच्छा की आवाज ‘स्वच्छ’ व्हावा. मी तेव्हा नव्यानं आलेल्या खरखर काढणाऱ्या प्रणालीच्या प्रेमात होतो. सगळी खरखर काढली. ऐकवायला बसलो तेव्हा त्या घरातल्या आजी म्हणाल्या, ‘‘तंबोरे कुठे गेले रे?’’ खरंच गेले होते. तंबोऱ्याच्या जवारीतली वरची झळाळी आणि टेपची खरखर एकाच पट्ट्यात राहतात. यंत्राला फरक कळला नाही, मला कळायला हवा होता. तेव्हापासून मी खरखर थोडी ठेवतोच. या सिंफनीतही तसंच. शेवटच्या भागाच्या सुरुवातीच्या व्हायोलिनांत गजाचा तारेवरचा खरबरीतपणा ऐकू येतो का बघा. येत असेल तर प्रत चांगली. सूर लोण्यासारखा गुळगुळीत लागला तर खरखरीबरोबर व्हायोलिनही गेलं म्हणून समजा. दोन वाक्यांच्या मधली शांतता ऐका : तिथे दिवाणखाना असला पाहिजे, काळीभोर पोकळी नव्हे. आणि पेटी घेऊन शेवटचा भाग काळी एकच्या आसपास लागतो का ते तपासा. तबकडीचा वेग सहा टक्क्यांनी चुकला की अर्धा स्वर जातो, आणि दोन-तीन टक्के चुकलेल्या प्रती सर्रास फिरत असतात. त्यानं लयही खोटी होते.

पण सिंफनीची पहिली ओळख या ध्वनिमुद्रणातून करून घ्यावी असं मी म्हणणार नाही. माहलरनं पहिली आणि दुसरी व्हायोलिनं समोरासमोर बसतील हे धरून लिहिलं आहे. पहिल्या भागाचा मुख्य विषय तर दुसऱ्या व्हायोलिनांकडे दिला आहे. मोनोत, म्हणजे डावं-उजवं नसलेल्या ध्वनिमुद्रणात, ही देवाणघेवाण एका ठिपक्यात गोळा होते. रचना समजायला बार्बिरोली यांचं १९६४ चं बर्लिनमधलं स्टुडिओ ध्वनिमुद्रण घ्या, दोनतीनदा ऐका, सुरावट तोंडात बसू द्या. मग १९३८ कडे या. एका बैठकीत, मध्ये न थांबता, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

शेवटच्या पानाशी पोचाल तेव्हा आवाज वाढवू नका. तिथे माहलरनं तारवाद्यांना आवाज दबवणारा चिमटा (म्यूट) लावून, अतिशय हळू वाजवायला सांगितलं आहे. पहिल्या व्हायोलिनांत त्याच्याच ‘मुलांच्या मृत्यूची गाणी’ या गीतमालेतली एक ओळ येऊन जाते, उन्हातल्या उंच टेकड्यांवरच्या लख्ख दिवसाची. त्याची थोरली मुलगी १९०७ मध्ये गेली होती. मग एकेक गट थांबतो. अखेरीस व्हिओला ती मुरकी घेतात, अर्धवट, आणि शेवटच्या स्वरावर ‘विझत जाणारं’ असा शब्द आहे. तबकडीची खरखर आणि तो सूर इथे एकाच पातळीवर येतात. सूर कधी संपला आणि नुसती खरखर कधी उरली, ते मी आजवर नेमकं पकडू शकलेलो नाही. जुन्या माणसांनी पातळी तिथे किती वर उचलली असेल, किती वेळ बोट तसंच धरून ठेवलं असेल, ते ऐकण्यासाठीच मी दरवेळी त्या पानाची वाट बघतो.

त्यानंतर कधीतरी वॉल्टर यांचंच १९६१ चं ध्वनिमुद्रण लावा. कॅलिफोर्नियात, स्टीरिओत, ८४ व्या वर्षी, मैफलीशिवाय, कोलंबिया सिंफनी वाद्यवृंदाबरोबर. एकूण वेळ ऐंशी मिनिटांच्या पुढे जातो. त्या वेळच्या सरावाचंही ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालेलं आहे. त्यात म्हातारा, सौम्य आवाज वादकांना थांबवतो, एक जागा पुन्हा मागतो, आणि ते पुन्हा वाजवतात. १९३८ मध्ये जे मागायची सोय नव्हती ते इथे तो शांतपणे मागतो. दोन्ही शेजारी ठेवा आणि शेवटच्या भागाची पहिली दोन मिनिटं आलटून पालटून ऐका. काय वेगळं वाटलं ते मला जरूर लिहा.